साडेतीन तासांची बाकी

"बगाडेशेठ, तुम्ही आमच्या टेम्पोतनं येताय, का तुमची वेगळी गाडी हाय?"

नबीचाचांनी हे विचारलं तेव्हा सकाळचे आठ वाजले होते, आमच्या दुकानाचं शटर अर्धंच वर गेलं होतं आणि अप्पांच्या तोंडात तीन टाचण्या होत्या. त्यांनी एकेक टाचणी काढून उशीत खोचली.

"कुठं यायचंय?"

"वरातीला."

"कुणाच्या?"

"आता मला विचारताय व्हय?"

मी शटरच्या खालून वाकून बाहेर पाहिलं. रस्त्यावर टेम्पो उभा होता आणि टेम्पोला टेकून बावीस माणसं. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, पांढऱ्या पँटी. सगळे कपडे आमच्याच दुकानात शिवलेले. ट्रम्पेटवाला पोहे खात होता. ढोलवाल्यानं ढोल फुटपाथवर ठेवून त्यावर चहाचा कप ठेवला होता. तारीख एकतीस मार्च.

नबीचाचांनी कोटाच्या आतल्या खिशातून घडी घातलेला कागद काढून अप्पांना दिला. वर आमच्या दुकानाचं नाव, खाली आमचा शिक्का. मी तो कागद ओळखला. मीच छापला होता.

इथं थोडं मागं जावं लागेल. जास्त नाही, अकरा-बारा वर्षं.

बार्शीत आमचं युनिफॉर्मचं दुकान. शाळा, दवाखाने, सिक्युरिटीवाले आणि नबीलाल मुलाणींचा ब्रास बँड. बँडचे कोट एक वर्षाआड नवे लागायचे. ठरलं होतं असं की कापडाचे पैसे नबीचाचा रोख देणार आणि शिलाई अप्पा घेणार नाहीत, ती साठत राहणार. अक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात बँड वाजवून ती फेडायची. कागद नाही, साक्षीदार नाही. दोघांनी एकेक सुपारी तोंडात टाकली आणि व्यवहार झाला.

आई गेल्यापासून काज-बटण आणि वही, दोन्ही अक्काकडे होतं. नबीचाचांचं पान तिनंच उघडलेलं. बावीस कोट, दर कोटाला साडेतीनशे शिलाई, खेपेला सात हजार सातशे. दर खेपेच्या पुढं तिनं आपल्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'माझ्या लग्नात वळते करणे.' स्वतःच्या लग्नाची बाकी स्वतःच ओढत न्यायची. आमच्याकडे यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

पाच खेपा झाल्या आणि अक्कानं सोलापूरला जाऊन रजिस्टर लग्न केलं. मुलगा रेल्वेत पॉइंट्समन, प्रवीण सलगर. आपल्यातला नाही. बँड नाही, मांडव नाही, दोन हार आणि दोन साक्षीदार, एवढ्यात उरकलं. तिचा फोन आला तेव्हा अप्पा शाळेच्या हाफपँटी शिवत होते. त्यांनी ऐकलं, फोन माझ्याकडे दिला आणि त्या दिवशी अकरा हाफपँटी पूर्ण केल्या. रोजच्या आठ व्हायच्या.

त्यानंतर चार वर्षं अप्पांनी तिचं नाव घेतलं नाही. मी तिला अधूनमधून कुरियर पाठवायचो. जुनी पुस्तकं, गोधडी, आईचा पोळपाट. अप्पांना काही माहीत नाही असं मी धरून चाललो होतो. आम्ही दोघं मेसचा डबा खायचो आणि बोलणं कापडावर व्हायचं. टेरिकॉट आलं का? आलं. झालं.

मग अप्पांनी भरतकामाच्या मशीनसाठी कर्ज मागितलं. बँकेला ताळेबंद हवा होता. आमचे टॅक्सचे डोईजोडे साहेब माझ्या कागदांवरून बोट फिरवत मुलाण्यांच्या ओळीवर थांबले.

"हे अडतीस हजार पाचशे काय आहेत रे मकरंद? चार वर्षं हललेले नाहीत."

"शिलाई आहे सर. बँडवाल्यांकडून येणं. त्यानंतर त्यांनी नवे कोट शिवलेच नाहीत."

"मग वसूल कर."

"अप्पा रोख घेत नाहीत."

"मग बुडीत टाक."

"ते द्यायला तयार आहेत, सर. बुडीत कसं टाकणार?"

साहेबांनी चष्मा काढला. "मग वळतं कर. त्यांच्याकडून तुम्ही काही घेता का? एकाच पार्टीला विक्री असेल आणि त्याच पार्टीकडून खरेदी असेल, तर ही रक्कम त्या रकमेत वळती करायची. बाकी निरंक. बँक खूश."

"पण खरेदी नाही ना सर. एकच बाजू आहे."

"काय विकतात ते?"

"विकत नाहीत. वाजवतात."

"मग वाजवून घे," डोईजोडे साहेब म्हणाले आणि त्यांनी पुढचा कागद घेतला.

त्याच आठवड्यात नबीचाचा दुकानात येऊन गेले होते. एक तारखेपासून बँड पुतण्याकडे जाणार होता. पुतण्यानं डीजेची गाडी घेतली होती, त्यात कोट लागत नाहीत. "शेठ, एकतीसपातूर वाजवून घ्या न्हाईतर रोख घ्या. मला कुणाचं ठिवून जायचं न्हाई."

"रोख नको," अप्पा म्हणाले.

"मग वाजवू कुठं?"

अप्पांनी मशीन सुरू केलं. मशीन सुरू असलं की त्यांना ऐकू येत नाही, असं आमच्याकडे मानलं जातं.

अडचण मला समजत होती. रोख घेतली तर अक्काचं लग्न झालंच नाही असा हिशेब होणार. वाजवून घेतलं तर झालं असा. अप्पांना चार वर्षं दोन्ही नको होतं, म्हणून ते पान उघडं होतं. आता बँकेला, डोईजोड्यांना आणि नबीचाचांना, तिघांनाही ते एकतीस तारखेच्या आत मिटवून हवं होतं.

मी त्या संध्याकाळी कॉम्प्युटरवर एक खरेदी टाकली. फक्त टाकून बघावी म्हणून. तपशील: वरात वादन. दर ताशी अकरा हजार, तास साडेतीन. आकडा बरोबर अडतीस हजार पाचशे आला. एवढा बरोबर आला की पुसावासा वाटेना. कॉम्प्युटरनं तारीख मागितली, मी एकतीस मार्च टाकली. वेळ सकाळी अकरा. ठिकाण मागितलं. मला बार्शीबाहेरचा एकच पत्ता पाठ होता, तो टाकला. रेल्वे क्वार्टर, खोली चौदा, कुर्डुवाडी. दोन्ही रकमा एकमेकींत वळत्या केल्या. बाकी निरंक.

दर मार्चला आम्ही सगळ्या पार्ट्यांना खात्याचा उतारा पाठवतो. आमच्या वहीत असं आहे, तुमच्यात जुळत असेल तर सही करून परत द्या. त्या वर्षी त्रेपन्न उतारे छापले. मुलाण्यांचाही त्यात गेला. चुकून गेला, असं मी तेव्हा सांगितलं. अजूनही तसंच सांगतो.

नबीचाचांना वाचता येत नाही. पुतण्यानं वाचून दाखवलं. ते त्या कागदाला उतारा न समजता ऑर्डर समजले.

तर अप्पा तो कागद वाचत होते. दोनदा वाचला. मी काउंटरवरची बटणं रंगाप्रमाणे लावत होतो. ती आधीच लावलेली होती.

"शिक्का आपला आहे," अप्पा म्हणाले.

"हो."

"टाइप कुणी केलंय?"

"मीच. ते चुकून..."

"कुर्डुवाडीत अनुस्वार नसतो," ते म्हणाले. "तू दिलायस."

नबीचाचा एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. "शेठ, काय घोळ असंल तर सांगा. पोरास्नी परत पाठवतो. आजची सुपारी सोडून आलोय, पन त्याचं काय न्हाई."

अप्पा बाहेर गेले. मला वाटलं, परत पाठवणार. ते रांगेपुढून सावकाश चालत गेले आणि ट्रम्पेटवाल्यापाशी थांबले. त्याच्या कोटाचं दुसरं बटण दोऱ्यावर लोंबत होतं.

"काढ," अप्पा म्हणाले.

त्यानं कोट काढला. अप्पांनी फुटपाथवर उभं राहून बटण लावलं, दोरा दातानं तोडला, कोट परत दिला. बावीस माणसं आणि मी बघत होतो. मग ते म्हणाले, "शटर ओढ."

टेम्पोत पुढं ड्रायव्हर, अप्पा आणि मी. मागं बँड. ऊन चढायला लागलं होतं. अप्पांच्या गळ्यात टेप तसाच होता. त्यांना तो काढायचं सुचलं नाही, मला सांगायचं सुचलं नाही. मागून कुणीतरी क्लॅरिनेटवर सूर तपासत होतं आणि प्रत्येक खड्ड्याला तो चुकत होता.

कुर्डुवाडी आल्यावर ड्रायव्हरनं विचारलं, "आता कसं?"

मी मोबाईल काढला. तिथं मी कधीच गेलो नव्हतो. मोबाईल नकाशा उघडतोय तोवर अप्पा समोर बघतच म्हणाले, "फाटकाच्या अलीकडं डावीकडं घे. पाण्याच्या टाकीपाशी रस्ता चिंचोळा आहे, तिथंच लाव. आत वळत नाही गाडी."

ड्रायव्हर म्हणाला, "मालक येत असतात वाटतं इकडं."

"ऑर्डरी असतात," अप्पा म्हणाले.

वही माझ्याकडे होती. कुर्डुवाडीचं आमचं एकही गिऱ्हाईक नव्हतं.

टाकीपाशी उतरलो. समोर रेल्वेची पिवळी क्वार्टर्स, एका ओळीत. सगळीकडे शांतता, दारं लोटलेली. एका भिंतीवर कोळशानं लिहिलं होतं, 'रात्रपाळीची माणसं झोपलेली असतात. ओरडू नये.'

नबीचाचांनी बँडबरोबर आलेल्या पुतण्याकडून ते वाचून घेतलं. "शेठ?"

अप्पांनी घड्याळ बघितलं. "अकरा वाजले."

आणि बावीस माणसांनी एकदम सुरुवात केली.

मी पुष्कळ वराती पाहिल्या आहेत. पण घोडा नाही, नवरा नाही, वऱ्हाडी नाहीत आणि पुढं गळ्यात टेप घातलेला एक म्हातारा शिंपी एकटाच चालतोय, अशी ती एकच. टाकीपासून चौदा नंबरपर्यंत नव्वद पावलं होती. दीड मिनिटात वरात दारात पोचली. नबीचाचांनी हात वर करून वाद्यं थांबवली.

"शेठ, आली की वरात. आता?"

"साडेतीन तास ठरलेत."

"पन रस्ता संपला."

"परत टाकीपर्यंत जाऊ," अप्पा म्हणाले. "परत येऊ."

मग आम्ही तेच करत राहिलो.

दारं एकेक करून उघडली. बनियनवरची माणसं डोळे चोळत बाहेर आली. एक जण ओरडला, "ए, कुणाचं लग्न लागलंय?"

"लागलेलं हाय," नबीचाचा म्हणाले. "चार वर्षं झाली."

"मग आता काय वाजवताय?"

"बाकी ऱ्हायली हुती."

चौदा नंबरचं दार तिसऱ्या फेरीला उघडलं. अक्का. हाताला कोपरापर्यंत कणीक. तिनं बँड पाहिला, मला पाहिलं, अप्पांना पाहिलं. अप्पा तेव्हा टाकीकडे तोंड करून निघाले होते. त्यांनी मान वळवली नाही. अक्कानं दार लावून घेतलं. कडीचा आवाज आला नाही, कारण ढोल जोरात होता. पण कडी लागली असणार.

अप्पा चालत राहिले. आठवी फेरी, नववी. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. मी मध्येच म्हटलं, "अप्पा, सावलीत बसा. वाजवतील ते."

"वरात बसून असते का?"

एक तास झाला. पोरं जमली आणि नाचायला लागली, त्यामुळे जरा वरातीसारखं दिसायला लागलं. पहिल्यांदा ओरडणाऱ्या बनियनवाल्यानं आतून शर्ट घालून येऊन नबीचाचांना विशिष्ट गाणं वाजवायची फर्माईश केली. झोप गेलीच आहे तर, असं त्याचं म्हणणं.

मग चौदा नंबरातून प्रवीण भाऊजी आले. लुंगी, विस्कटलेले केस, हातात पाण्याची कळशी आणि दोन पेले. ते बावीस माणसांना दोन पेल्यांत पाणी द्यायला लागले. माझ्यापाशी आल्यावर हळूच म्हणाले, "मकरंद, हे काय आहे?"

"हिशेब आहे."

"किती वेळाचा?"

"अडीचपर्यंत."

त्यांनी मान हलवली. रेल्वेतल्या माणसाला वेळ सांगितली की बरं वाटतं. "अप्पांना पाणी दिलं तर घेतील का?"

"विचारून बघा."

त्यांनी विचारलं नाही. पेला भरून टाकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि बाजूला झाले. पुढच्या फेरीला अप्पांनी तो उचलून रिकामा केला आणि उपडा ठेवला. कळशी घेऊन भाऊजी आत गेले. या वेळी दार उघडंच राहिलं.

दीड वाजता अक्का बाहेर आली. हात धुतलेले. ती सरळ वरातीच्या वाटेत उभी राहिली, त्यामुळे अप्पांना थांबावं लागलं आणि अप्पा थांबल्यामुळे मागचे बावीस जण थांबले. वाजवणं मात्र थांबलं नाही, कारण नबीचाचांनी हात वर केला नव्हता. तिला ओरडून बोलावं लागलं.

"अजून किती वेळ?"

"एक तास," अप्पा ओरडले.

चार वर्षांनंतरचं हे पहिलं बोलणं. अप्पा तिच्या खांद्यावरून दाराकडे बघत होते.

"पडदा आखूड झालाय तुझा."

"धुतल्यावर आटला."

"शिवायच्या आधी कापड भिजवायचं असतं."

"सांगायला कुठं होता तुम्ही?"

नबीचाचांनी हात वर केला. एकदम शांत झालं. इतकं की पोरांचे नाचायचे पायही ऐकू आले आणि मग तेही थांबले.

अक्कानं माझ्याकडे हात केला. "कागद दाखव."

मी दिला. तिनं वाचला. ती वाचताना ओठ हलवते, वहीतल्या बेरजा करायची तेव्हासारखी.

"शिलाई काय दरानं धरलीस?"

"साडेतीनशे. पानाच्या खाली एकूण होती ती उचलली."

"पाचही खेपांना?"

"हो."

"शेवटच्या खेपेला तीनशे सत्तर होती," अक्का म्हणाली. "सोनेरी झालर लावली होती ना. झालरीचे वीस जास्त."

मी अप्पांकडे बघितलं. दर त्यांनीच ठरवलेले. ते ट्रम्पेटवाल्याच्या खांद्यावरच्या झालरीकडे बघत होते.

"लावली होती," अप्पा म्हणाले.

"बावीस कोट, विसानं चारशे चाळीस," अक्का म्हणाली. "म्हणजे हे निरंक चुकलंय. आज अडीचपर्यंत वाजवलं तरी चारशे चाळीस राहतात."

मी मोबाईलवर हिशेब केला. "दोन मिनिटं चोवीस सेकंद होतात. आजच जास्तीचं वाजवून..."

"तू गप," अक्का म्हणाली.

नबीचाचांनी खिशात हात घातला. "अगं माय, चारशे चाळीस म्हंजे किती ते. हे घ्या रोख, आत्ता मिटवा."

"रोख नको," अप्पा आणि अक्का एकदम म्हणाले.

नबीचाचांनी हात खिशातून रिकामाच बाहेर काढला. त्यांनी चाळीस वर्षं लग्नं वाजवली होती.

अक्कानं माझ्या खिशातलं पेन घेतलं, 'निरंक' खोडलं, वर ४४० लिहिलं आणि खाली सही केली. "मुलाणीचाचांची वही पुतण्याकडं जाणार. तो उद्या नाही म्हणाला तर? हे पान माझ्या अक्षरातलं आहे, तेव्हा उताऱ्यावर माझी सही लागणार. दर मार्चला."

"दर मार्चला," अप्पा म्हणाले. "बरं."

"वाजवू का?" नबीचाचांनी विचारलं. "एक तास हाय अजून."

पुढचा तास अप्पा चालले नाहीत. दारातल्या खुर्चीवर बसले. वरात टाकीपर्यंत जायची आणि त्यांच्यापाशी यायची. भाऊजींनी चहा आणला, तो त्यांनी घेतला. अक्का उंबऱ्यात बसून त्यांनी काढून दिलेल्या पडद्याची शिवण उसवत होती. अडीच वाजता नबीचाचांनी हात वर केला, आणि मुलाणी ब्रास बँड तिथं कायमचा थांबला.

परतताना टेम्पोत अप्पांच्या मांडीवर तो पडदा होता. खालची पट्टी जोडून द्यायची होती. फाटक ओलांडल्यावर ते वैतागल्यासारखं म्हणाले, "पुढच्या मार्चला परत यायचं म्हणजे आख्खा दिवस जाणार."

"हो," मी म्हटलं.

दुकानात आल्यावर अप्पांनी मशीनवर पडदा घेतला आणि मी अक्काची जुनी वही काढली. मुलाण्यांचं पान. शेवटची खेप तळाशी होती, तिच्या बारीक अक्षरात, कुठंही खाडाखोड नाही. 'कोट बावीस, सोनेरी झालरीसकट, दर ३५०, एकूण ७,७००. माझ्या लग्नात वळते करणे.'

मी पुन्हा वाचलं, या वेळी पुटपुटत. झालरीसकट.

मागं मशीन चालू होतं. मशीन चालू असलं की अप्पांना ऐकू येत नाही.

"तीनशे सत्तर कर ते," अप्पा म्हणाले.

मी तीन ठिकाणी आकडे बदलले. दर, खेपेची रक्कम, खालची एकूण. डोईजोडे साहेबांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, हे चारशे चाळीस मध्येच कुठून आले. मी म्हटलं, सर, आधी चुकून राहिले होते.